मोरे यांची फाइल

"घोर हलगर्जी," अण्णा म्हणाले आणि चष्मा कपाळावर सरकवून थांबले. "नुसती हलगर्जी लिहू नकोस. नुसतीला हे विमेवाले काही म्हणत नाहीत. घोर असली की हात आखडतात."

मी ते फ्रेंचमध्ये लिहिलं आणि पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. मार्चमधला पहिला बुधवार होता, सकाळचे साडेदहा. निगडीच्या प्राधिकरणातल्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी, आणि आत आई पावटे सोलत होती. टेबलावरची बशी उचलून तिला देऊ का, असं मी विचारलं तर ती आतूनच म्हणाली की तुमचं लाखमोलाचं काम होऊ दे, मी ताटात सोलते.

आमची पद्धत अशी होती. अण्णा पहाटे उठून जर्मन कागद वाचत आणि दोनशे पानी वहीत त्याचं मराठी करून ठेवत. दहा वाजता मी समोर बसे. ते वहीतून वाचत आणि मी ते फ्रेंचमध्ये टाइप करी. जर्मन मूळ पानं माझ्या स्क्रीनवर उघडी असत, पानांचे आणि कलमांचे आकडे जुळवायला. एक वाजता आम्ही उठत असू, मग मी कॉलेजात फ्रेंच शिकवायला जाई.

ऐन तरुणपणी पिंपरीच्या कारखान्यातून अण्णांना दीड वर्षासाठी श्टुटगार्टजवळ शिकायला पाठवलं होतं. तिथून त्यांनी जर्मन भाषा आणली आणि दुसरी एक सवय आणली. कितीही थंडी असली तरी सकाळी पाच मिनिटं घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. बाकीच्यांनी घड्याळं आणली, कॅमेरे आणले, आमच्या ह्यांनी गार वारा आणला, असं आई पाहुण्यांना सांगे. निवृत्तीनंतर ते यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करू लागले आणि पुढे पाटणकर मॅडमच्या एजन्सीकडे स्वित्झर्लंडमधल्या विम्याची कामं आली, जर्मनमधून फ्रेंचमध्ये करायची. पुण्यात जर्मनमधून इंग्रजीत करणारे शंभर निघतील. जर्मनमधून थेट फ्रेंचमध्ये, आणि तेही विम्याचं, करणारा कुणी नव्हता. पाटणकर मॅडमनी अण्णांना जर्मन येतं आणि मला फ्रेंच येतं एवढ्यावरून आमची मोट बांधली. तुम्ही दोघं मिळून माझा एक माणूस, असं त्या म्हणत. प्रत्येक भाषांतराखाली ते मुळाबरहुकूम असल्याचा दाखला असे आणि त्यावर आमच्या दोन सह्या.

विम्याचे नेमके शब्द मराठीत हाताशी नव्हते, ते अण्णांनी आपल्या सोयीनं बसवले. नुकसानीतला जो पहिला वाटा विमेदारानं स्वतः सोसायचा, ती 'पदरमोड'. कंपनीनं आधी भरपाई द्यायची आणि मग खऱ्या दोषी माणसाला गाठून वसूल करायचं, ती 'फिरती वसुली'. चौदा वर्षांत आमचा असा एक छोटा कोशच झाला होता.

त्या बुधवारची फाइल क्लोद मोरे नावाच्या माणसाची होती. नाव वाचून अण्णा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, आपल्या जावळीच्या मोऱ्यांपैकीच दिसतात, चीज करायला तिकडे गेलेले. हे मोरे खरंच चीज करत. मेव्हण्याच्या गोठ्याचं छप्पर दुरुस्त करताना पडले आणि कमरेखाली लुळे झाले. ते स्वतः फ्रेंच मुलखातले, पण गोठा जर्मन मुलखात, त्यामुळे पंचनामा, तज्ज्ञाचा अहवाल, विमा कंपनीचा निर्णय, सगळं जर्मनमध्ये. सुरक्षेचा पट्टा न बांधता वर चढणं ही घोर हलगर्जी, म्हणून अपंगत्वाचं आयुष्यभराचं वेतन निम्मं करू, असं कंपनी म्हणत होती. मोऱ्यांच्या वकीलबाईंना ही अडतीस पानं फ्रेंचमध्ये हवी होती. हरकत घ्यायची शेवटची तारीख अठरा एप्रिल होती.

अण्णा अकरावं पान वाचत होते. तज्ज्ञानं छपराची पाहणी केली, उतार मोजला, पन्हळीची जाडी मोजली. मी टाइप करत राहिले. त्यांचं वाचून संपलं तरी माझं चाललंच होतं.

"एवढं काय लिहितेस?" त्यांनी विचारलं.

"फ्रेंच लांबतं अण्णा."

"हं. बोलघेवडी भाषा."

तेवढ्यात पाटणकर मॅडमचा फोन आला. काम कुठवर आलंय हे सांगून झाल्यावर अण्णा नेहमीसारखे खुलले. आमच्या शरयूला जर्मनचा ओ की ठो कळत नाही, म्हणून तर या वयात माझी नोकरी टिकून आहे, असं म्हणाले आणि स्वतःच हसले. पंधराव्या पानाशी आम्ही थांबलो. पुढचं उद्या, म्हणाले. दुपारी जेवताना पावट्याच्या उसळीत गूळ जास्त झालाय म्हणाले आणि दोनदा वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी खिडक्या उघडायला ते उठलेच नाहीत. आईनं हाक मारली, मग मी हात लावला. डॉक्टर म्हणाले, झोपेतच, चार-साडेचारला.

चौदाव्या दिवशी पाटणकर मॅडम घरी आल्या. आईजवळ बराच वेळ बसल्या. मग बाहेर येऊन मला म्हणाल्या की हे आज बोलू नये, पण वकीलबाईंनी दोनदा विचारलंय. तेवीस पानं उरली आहेत. फाइल परत पाठवली तर तिकडे नवा माणूस शोधण्यात महिना जाईल आणि तारीख हातची जाईल. जर्मन बाजूची सही करायला विमा कळणारा कुणी मिळाला, तर फ्रेंच तुझंच ठेवू.

"किंवा जर्मनमधून थेट फ्रेंचमध्ये करणारा कुणी मिळाला तर," त्या म्हणाल्या, "तर तू सुटलीस."

मी शोधते, म्हणाले.

मी खरोखरच शोधलं. चाचणीसाठी एक परिच्छेद काढला. आठच ओळी, पण त्यात 'कलम चौदाचा अपवाद वगळता' असे शब्द होते. तो मी ज्याला त्याला पाठवत गेले. विद्यापीठातले एक प्राध्यापक म्हणाले, इंग्रजीत करून देतो, तिथून तुम्ही न्या. दोन्ही भाषा उत्तम जाणणाऱ्या एक बाई होत्या, कवितांची भाषांतरं करणाऱ्या. त्यांनी परिच्छेद वाचून कळवलं की यात माणूस पडतो आणि तरीही कुणाला काही वाटत नाही, असलं माझ्याच्यानं होणार नाही. पाँडिचेरीच्या एका गृहस्थांचं फ्रेंच माझ्यापेक्षा सरस होतं, जर्मन मात्र शाळेत शिकले तेवढंच. बंगळूरच्या एका तरुणानं वीस मिनिटांत भाषांतर परत पाठवलं, सोबत हसरा चेहरा. ते वाचून मी बंद केलं. वाक्यं गुळगुळीत होती आणि अपवाद उलटा लागला होता. छपरावरून पडलेल्या मोऱ्यांचा दोष त्यात पक्का होत होता.

पाटणकर मॅडमनी मध्येच विचारलं की अगं, यांचं जर्मन बरोबर की चूक हे तू ठरवतेस कशावरून?

"फ्रेंचवरून कळतं," मी म्हणाले.

एप्रिलच्या दोन तारखेला त्यांनीच एक नंबर दिला. सिरिल तुस्कानो, राहणार वसई. बावीस वर्षं स्वित्झर्लंडमधल्या बाझलला एका विमा कंपनीत नुसते दावे तपासत होते. जर्मन, फ्रेंच दोन्ही तिथलीच. निवृत्त होऊन गावी केळीची वाडी बघतात. मी त्यांना परिच्छेद पाठवला आणि तासाभरात त्यांचा फोन आला.

"तुमचं चौदावं कलम कुठाय?"

मी म्हणाले, चाचणीपुरता एवढाच भाग पाठवलाय.

"चौदावं बघितल्याशिवाय मी एक शब्द करणार नाही. आणि या अटी कोणत्या सालच्या? दर चार-पाच वर्षांनी बदलतात त्या. अपघात झाला त्या सालच्या लागतात, आजच्या नाही."

बाहेर जाऊन मी थोडा वेळ जिन्यात बसले. अण्णांनी पहिल्या कामाच्या वेळी पाटणकर मॅडमना हाच प्रश्न विचारला होता, आणि त्या गोंधळून गेल्या होत्या. माणूस मिळाला होता.

स्क्रीनवर आपण विमा वाचत नाही, कागद घेऊन या, असं तुस्कानोंनी सांगितलं. मूळ जर्मन, झालेलं फ्रेंच, आणि वडिलांची वही असेल तर तीही. त्यांनी शब्द कसे लावलेत ते कळायला हवं, म्हणजे उरलेल्या पानांत ते बदलणार नाहीत. मी पहाटेच्या एसटीनं निघाले, ठाण्याला गाडी बदलली आणि अकराच्या सुमाराला त्यांच्या वाडीत पोचले. घरामागे एक बावखल होतं, वाडीच्या पाण्याचं छोटं तळं, त्यात बदकं फिरत होती. सत्तरीचे, बनियनवर सदरा अडकवत ते बाहेर आले. त्यांच्या बहिणीनं न विचारता ताटलीत केळी आणून ठेवली.

"खा, बाय. लांबून आलीस," त्या म्हणाल्या.

तुस्कानोंनी आधी वही उघडली. पदरमोड हा शब्द बघून ते मोठ्यानं हसले. बहिणीला बोलावून वाचून दाखवला. बावीस वर्षं मी हा शब्द रोज जर्मनमध्ये लिहिला, म्हणाले, आणि आमच्या आईला कधी समजावून सांगता आला नाही. तुमच्या वडिलांनी एका शब्दात सांगितला. अक्षराचंही त्यांनी कौतुक केलं. मला बरं वाटलं. गेल्या महिन्याभरात अण्णांबद्दल जे बोललं गेलं होतं त्यात त्यांच्या कामाबद्दल कुणी बोललं नव्हतं.

मग त्यांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले, एक लाकडी पट्टी घेतली आणि ओळीओळीनं खाली सरकवत वाचू लागले. सातव्या पानापर्यंत न अडखळता गेले. आठव्यावर थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. अकराव्यावर बराच वेळ थांबले.

"वडिलांच्या डोळ्यांना काही होतं का?"

"हो. पडद्याचं. मधलं दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. भिंगानं वाचायचे."

त्यांनी पट्टी जर्मन कागदावर ठेवली. "ही ओळ वाचतो. 'पट्टा छपराच्या कण्याशी लोंबकळत आढळला. त्याच्या आकड्याची पकड झिजून उघडलेली होती.' म्हणजे पट्टा बांधलेला होता. तो सुटला. कंपनीची सगळी घोर हलगर्जी इथेच कोसळते. अख्ख्या फाइलमध्ये ही गोष्ट एवढ्या एकाच ओळीत आहे." मग त्यांनी पट्टी वहीवर ठेवली. "इथे नाही. छपराच्या उतारावरून वडील एकदम पन्हळीवर गेले."

मी वही थोडी जवळ ओढली.

"आणि हे तुमचं फ्रेंच." पट्टी तिसऱ्या कागदावर आली. "इथे आहे. शब्दाला शब्द. आठव्या पानावर वहीत अर्धं वाक्य गेलंय, फ्रेंचमध्ये आहे. तेराव्यावर तारीख चुकलीय, फ्रेंचमध्ये बरोबर आहे."

"अण्णा कधीकधी तोंडी सांगायचे," मी म्हणाले. "वहीत राहिलेलं."

"असेल." त्यांनी कागद एकावर एक नीट रचले आणि माझ्याकडे सरकवले. "मी हे करणार नाही. करून झालं की पाठवा, एकेक ओळ तपासून देईन. तपासणारा म्हणून सही करीन. पण ज्यानं ही पंधरा पानं केलीत त्यानंच पुढची तेवीस करायची. अर्धा झालेला दावा आम्ही दुसऱ्याच्या हातात देत नसू. आणि असा माणूस तुम्हाला दुसरा मिळणारही नाही."

"मी तीन आठवडे शोधतेय."

"मला ते दिसतंय," तुस्कानो म्हणाले. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. निघताना बहिणीनं केळ्यांचा एक फणा वर्तमानपत्रात बांधून दिला.

परतीच्या गाडीत मी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. सात वर्षांपूर्वी अण्णांच्या डाव्या डोळ्याचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते की वर्षा-दोन वर्षांत यांचं वाचन थांबेल. त्याच महिन्यात मी डेक्कनला जर्मनच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. घरी सांगितलं की कॉलेजात जादा तास घेते. विचार एवढाच होता की त्यांना थांबावं लागलं तर काम थांबू नये. दोन वर्षांत मी मोकळेपणानं वाचू लागले, चौथ्या वर्षी त्यांच्यापेक्षा वेगानं. पण अण्णा थांबले नाहीत. भिंग आणलं, टेबलाला दिवा बसवून घेतला, नंतर चौकातल्या दुकानातून पानं दुप्पट मोठी काढून आणू लागले. ओळी गळायला लागल्या. त्या मी गुपचूप भरत गेले. कोणत्या सकाळी सांगायचं, ते ठरेना. पुढेपुढे ठरवायचंही मी सोडून दिलं.

दुसरा माणूस मिळाला असता, तर अण्णांच्या जागी कुणीतरी लागतंच, हे सगळ्यांना दिसलं असतं. मलाही. मी एकटीनं सही केली, तर पाटणकर मॅडम पहिला प्रश्न विचारणार, कधीपासून? आणि त्याचं उत्तर दिलं की इतक्या वर्षांच्या दाखल्यांवरची अण्णांची सही नुसती शाई उरणार. त्या भीतीनं मी बंगळूर आणि पाँडिचेरी पालथं घातलं होतं, आणि छपरावरून पडलेल्या एका माणसाचे वीस दिवस घालवले होते. पंधरा दिवस उरले होते.

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. आई गच्चीवरचे कपडे आणून दिवाणावर घड्या घालत होती. मी तिला केळी दिली. ती कुणी दिली, घर कसं होतं, बहीण लग्न झालेली होती की राहिलेली, हे सगळं तिनं विचारून घेतलं. मग म्हणाली की करतायत का ते गृहस्थ?

मी म्हणाले, नाही. फक्त तपासून देणार आहेत. उरलेलं मी करायचं.

"तू फ्रेंच करशील. जर्मन कोण वाचणार?"

मी दिवाणाच्या कडेला बसले. एक टॉवेल उचलला आणि घडी घालून तिच्या ढिगावर ठेवला.

"आई, मला जर्मन येतं."

ती थांबली. "म्हणजे? थोडंफार?"

"सगळं. सात वर्षं झाली शिकायला लागून. जादा तास नव्हते ते."

आईनं हातातल्या उशीच्या खोळीची घडी उलगडली, पुन्हा घातली. खिडकीकडे बघत होती. मला वाटलं, रडेल. पण तिचा आवाज कोरडा होता.

"दर दोन तासांनी मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालत होते शरयू. पहाटे चारला उठून भिंग घेऊन बसायचे. डोळ्यांतून पाणी गळायचं, वहीवर पडायचं, ते टिपून पुन्हा लिहायचे. म्हणायचे, पोरीचं अडायला नको." ती माझ्याकडे वळली. "तुला वाचता येत होतं, तर त्या माणसाला का वाचायला लावलंस?"

मला कारणं माहीत होती. त्यांचा मान, त्यांची सही, फोनवर ते कसे खुलत. गाडीत ती सगळी मी मनाशी मांडून आले होते. ती खरीही होती. पण ती त्यांच्या बाजूची होती, आणि आई माझ्या बाजूचं विचारत होती.

"मला अण्णा वाचण्यासाठी नको होते," मी म्हणाले. "रोज तीन तास माझ्यासमोर बसायला हवे होते. कामाशिवाय नुसते बसा, असं मला त्यांना म्हणता आलं नाही."